काचेच्या फुग्याची साक्ष

हळदीचा डाग पडलेले पांढरे वस्त्र साबणाच्या पाण्यात पडले, की तो पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो, आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळले की पुन्हा पिवळा होतो, ही गोष्ट आपल्याकडे धुणे धुणाऱ्या कोणाच्याही नजरेतून सुटलेली नाही. परंतु त्या क्षणी आपण रसायनशास्त्रातील एक अत्यंत मूलभूत परीक्षा पाहत असतो, याची जाणीव फार थोड्यांस असते. हळद आम्ल पदार्थात पिवळी राहते आणि अल्कधर्मी पदार्थात तांबडी होते. हळदीपासून कुंकू तयार करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या टाकणखार वापरीत आले ते हळदीच्या याच गुणाच्या बळावर. त्या गुणाचे शास्त्रीय नाव त्यांस ठाऊक नव्हते, पण त्याचा विनियोग त्यांनी बिनचूक केला.

रंगाची ही साक्ष प्रामाणिक असली तरी अपुरी असते. पदार्थ आम्ल आहे की अल्क, एवढेच ती सांगते. किती आम्ल आणि किती अल्क, या प्रश्नावर ती मौन धरते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीस लागलो तेव्हा गाळपाच्या पाळीवरील माणसाच्या हाती ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या रंगद्रव्याच्या कागदी पट्ट्या असत. उसाचा ताजा रस किंचित आम्ल असतो; त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर योग्य प्रमाणात सोडून तो जवळजवळ उदासीन करावा लागतो. चुना कमी पडला तर गरम रसातील साखरेचे विघटन होऊन ती कायमची हातची जाते, आणि चुना अधिक झाला तर रस काळवंडतो. पट्टी पिवळी राहिली तर चुना वाढवायचा, निळी झाली तर कमी करायचा आणि हिरवी दिसली तर सारे ठीक, असा हिशेब होता. पण रात्रीच्या पाळीत, दिव्याच्या पिवळट उजेडात, एकाला जो हिरवा दिसे तोच शेजाऱ्याला निळसर वाटे, आणि त्या दोन डोळ्यांमधील तफावतीपायी कित्येक पोती साखर मळीत जात असे. प्रयोगशाळेत यंत्र होते, परंतु ते मुख्य रसायनज्ञांच्या मेजावर कपड्याखाली झाकलेले असे व त्याला हात लावण्याची मुभा फारच थोड्यांना होती.

आज ते यंत्र खिशात मावेल एवढे लहान झाले आहे. द्राक्षाच्या बागेत, कोळंबीच्या तळ्यावर, दुधाच्या संकलन केंद्रात, पाणीपुरवठ्याच्या टाकीपाशी, एवढेच नव्हे तर हौसेने मत्स्यालय ठेवणाऱ्या शहरी घरातही पेनाच्या आकाराचा डिजिटल पीएच मीटर दिसू लागला आहे, आणि काही शे रुपयांपासून तो मिळतो. ही मोठी समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्र जितक्या झपाट्याने पसरले तितक्या झपाट्याने ते सांभाळण्याची विद्या पसरली नाही, आणि त्यामुळे महाराष्ट्रातील हजारो खिशांत आज असे मीटर फिरत असतील, की जे दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवितात आणि ज्यांच्या आकड्याला काडीचाही अर्थ नाही. हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालो तो याच कारणाने.

प्रथम हा आकडा म्हणजे काय ते पाहू. आपल्या कृषी वाङ्मयात ज्याला ‘सामू’ म्हणतात तोच हा पीएच. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मितीच्या कारखान्याने चालविलेल्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाचे रसायनज्ञ विकरांवर संशोधन करीत असता, द्रावणातील हायड्रोजन आयनांचे अतिसूक्ष्म प्रमाण लांबलचक अपूर्णांकांत लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यांनी १९०९ साली ही मोजपट्टी सुचविली. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सियस तापमानास ७. त्याहून कमी तो आम्ल, अधिक तो अल्क. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, चांगले लागलेले दही साडेचारच्या घरात, ताजे दूध ६.६ ते ६.८, आणि आपल्या शरीरातील रक्त ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात बांधलेले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याचे पाणी ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावे लागते.

या पट्टीची एक खोड मात्र मनात पक्की ठसवून घेतली पाहिजे. इथे एकाने वाढ म्हणजे दहापट फरक. ७ सामूच्या पाण्यात जेवढे हायड्रोजन आयन असतात त्याच्या एक दशांश ८ सामूच्या पाण्यात असतात, आणि ६.५ व ८.५ यांमधील अंतर शंभरपटीचे आहे. म्हणून तराजूतील अर्ध्या किलोची चूक आणि सामूतील अर्ध्याची चूक यांची तुलनाच होऊ शकत नाही, ०.३ ने चुकणारा मीटर आम्लतेच्या हिशेबात सरळ दुपटीने चुकत असतो.

आता यंत्राकडे वळू. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंस भिन्न आम्लतेची द्रावणे ठेवली असता पडद्यावर विद्युत विभव निर्माण होतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच युरोपातील शास्त्रज्ञांच्या ध्यानी आली होती. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर आणि क्लेमेन्सीविच यांनी त्यावर आधारलेला काचेचा इलेक्ट्रोडही तयार केला. अडचण अशी, की काच ही विजेची जवळजवळ शत्रूच. त्या पातळ काचेचा रोधदेखील दहा-वीस कोटी ओहमच्या घरात जातो आणि साधा व्होल्टमापक तिथे जोडला तर मोजावयाचा तो क्षीण विभव मोजण्यापूर्वीच नाहीसा होतो. ही कोंडी फुटली ती कॅलिफोर्नियातील लिंबांमुळे. तेथील फळबागाईतदारांच्या सहकारी संघातील ग्लेन जोसेफ नामक रसायनज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजावयाची होती, परंतु रस टिकविण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंग उडे आणि इतर इलेक्ट्रोड निकामी होत. त्याने आपला सहाध्यायी आर्नल्ड बेकमन याच्याकडे धाव घेतली. बेकमनने १९३४ साली निर्वात नळ्यांच्या साहाय्याने त्या क्षीण विभवाचे वर्धन करणारे यंत्र बनवून ते एका पेटीत बसविले, आणि पुढच्या वर्षी ती पेटी १९५ डॉलर्स किमतीला बाजारात आली. पीएच मीटर हा प्रयोगशाळेच्या भिंतीआड जन्मलेला नसून शेतमालाच्या व्यवहारातून, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या निकडीतून जन्मलेला आहे, ही गोष्ट सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे.

आजच्या पेनमध्ये निर्वात नळ्या नाहीत, सुई नाही, पेटी नाही; परंतु टोकाला जो मोत्याएवढा काचेचा फुगा आहे तो मूळचाच आहे. आणि माझे सांगणे एवढेच आहे, की पीएच मीटर म्हणजे तो फुगाच होय. वरचा पडदा, बटणे, प्लॅस्टिकचे कवच हा केवळ दुभाष्या आहे. साक्षीदार खाली आहे. हा फुगा साध्या काचेचा नसतो. पाण्यात राहिला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर पाणी मुरलेला एक अतिशय विरळ थर तयार होतो आणि त्या थराशी हायड्रोजन आयनांची जी देवाणघेवाण चालते तिच्यातून विभव उत्पन्न होतो. सामूच्या प्रत्येक एककामागे हा विभव २५ अंशास ५९.१६ मिलिव्होल्ट बदलतो. फुग्याच्या शेजारी किंवा त्याला वेढून दुसरा एक संदर्भ इलेक्ट्रोड असतो. त्यात पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असते, आणि ते एका सूक्ष्म सच्छिद्र खिडकीतून, डोळ्यांना दिसणार नाही इतके हळूहळू, बाहेर पाझरत राहते. फुगा कोरडा पडला, किंवा ती खिडकी बुजली, की साक्षीदार गप्प बसत नाही. तो भलतेच काही सांगू लागतो, आणि पडद्यावरील आकडे पूर्वीइतकेच ठसठशीत दिसत राहतात. खरा धोका हाच आहे.

आमच्या कारखान्यात एक नवा प्रयोगशाळा साहाय्यक होता. अत्यंत नीटनेटका आणि मनापासून काम करणारा. गाळप हंगाम संपल्यावर त्याने इलेक्ट्रोड स्वच्छ धुतला आणि सर्वांत शुद्ध ते सर्वांत चांगले अशा भावनेने तो डिस्टिल्ड वॉटरच्या चंचुपात्रात बुडवून ठेवला. सबंध उन्हाळा आणि पावसाळा त्याने त्यातील पाणी आठवड्यास नेमाने बदलले. बॉयलर अग्निप्रदीपन झाले, पहिला रस आला आणि यंत्राचा आकडा स्थिर होईना. शुद्ध पाण्याने पाच-सहा महिने सतत त्या सच्छिद्र खिडकीतून आतील क्षार ओढून घेतले होते आणि संदर्भ द्रावण पातळ होऊन गेले होते. त्या मुलाच्या निष्ठेत काडीइतकीही उणीव नव्हती; त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष आम्हा वडीलधाऱ्यांचा होता. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशीच हे सांगत आलो, की डिस्टिल्ड वॉटर खळबळून घेण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही.

दुसरी हकीकत अलीकडची. तासगावकडील एक द्राक्षबागाईतदार आपला पेन-मीटर घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या ठिबकच्या नळ्यांतील ड्रिपरच्या तोंडाशी चुन्याची पांढरी खपली धरत होती, वेलींची कोवळी पाने पिवळी पडली होती, आणि मीटर मात्र विहिरीच्या पाण्याचा सामू ७.२ असल्याची ग्वाही देत होता, म्हणून त्याने नळ्या धुण्याचे आम्लही कमी केले होते. मी टोपी काढली. आतला स्पंज खडखडीत वाळलेला, फुग्यावर धुरकट साय. घरातले लिंबू कापून त्याच्या रसात मीटर धरला, तर आकडा आला ६.१.

“काका, म्हणजे सहा महिने हे खोटंच बोलत होतं?” त्याने विचारले.

“ते कोरडं पडलं होतं, आणि आपण विचारलं नाही,” मी म्हणालो.

तो पेन आम्ही रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवला. सकाळी बफर, म्हणजे निश्चित सामूच्या, द्रावणांशी ताडून पाहिला, आणि मग त्याच लिंबाच्या उरलेल्या फोडीचा सामू २.५ व त्याच विहिरीच्या पाण्याचा ८.१ आला. यंत्र बदलावे लागले नाही. त्याने सहा महिने ज्या आकड्यावर विश्वासून बागेचा कारभार चालविला तो आकडा मात्र दप्तरातून खोडावा लागला.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, असे मला नेहमी विचारले जाते. पहिली गोष्ट अशी, की जमिनीत खुपसावयाच्या दोन धातूंच्या सुया असलेले, बॅटरीवाचून चालणारे जे साधन बाजारात ‘माती परीक्षक’ म्हणून विकले जाते ते पीएच मीटर नव्हे. दोन भिन्न धातू ओल्या मातीत शिरले की त्यांच्यात थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि तो मातीच्या ओलाव्यावर व क्षारांवर अवलंबून असतो. त्याचा काटा सामूच्या पट्टीवर फिरतो म्हणून तो सामू ठरत नाही. ज्याच्या टोकाला काचेचा फुगा नाही असले स्वस्त साधन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे, की दशांश स्थळांच्या मोहात पडू नये. पडद्यावर ८.१४ असा आकडा दिसला याचा अर्थ यंत्र शतांशापर्यंत अचूक आहे असा होत नाही. माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे ०.१ अशी लिहिलेली असेल तर त्या आकड्यातील शेवटचा ४ हा निव्वळ अलंकार समजावा. शेतीला, तळ्याला, घरच्या पाण्याला ०.१ ची अचूकता पुरेशी आहे. त्याहून अधिक अचूकतेसाठी पैसे मोजण्यापेक्षा ते पैसे अशा यंत्रावर खर्चावेत, की ज्याची रुजवात, म्हणजे कॅलिब्रेशन, दोन वेगवेगळ्या द्रावणांत करता येते, ज्यात तापमानाची आपोआप भरपाई होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचा इलेक्ट्रोड काढून नवा बसविता येतो. काचेच्या फुग्याचे आयुष्य, उत्तम निगा राखली तरी, साधारण एक ते दोन वर्षांचे. तो न वापरताही म्हातारा होतो. म्हणून दुकानातील जुना माल सवलतीत मिळाला म्हणून घेणे हे इथे शहाणपणाचे ठरत नाही. इलेक्ट्रोडच्या निर्मितीची तारीख विचारून घ्यावी. दूध, मासळीचे पाणी, सांडपाणी अशा प्रथिने किंवा गंधकयुक्त पदार्थांत रोज काम करावयाचे असेल तर दुहेरी संधीचा, म्हणजे एकामागोमाग दोन सच्छिद्र खिडक्या असलेला, इलेक्ट्रोड घ्यावा, कारण साध्या इलेक्ट्रोडमधील चांदीचे संयुग अशा पदार्थांशी संयोग पावून खिडकी बुजवून टाकते. दही, चीज, फळ यांत थेट खुपसण्यासाठी भाल्याच्या टोकासारखे इलेक्ट्रोड मिळतात. ते महाग असतात आणि सामान्य शेतकऱ्याला त्यांची गरज नसते.

तापमानाच्या भरपाईविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. फुग्याचा विभव तापमानाबरोबर बदलतो. २५ अंशास एककामागे जे ५९ मिलिव्होल्ट असतात ते चैत्रातल्या ४० अंशांच्या दुपारी ६२ होतात. यंत्र एवढाच हिशेब दुरुस्त करते. गरम केल्याने पाण्याचा किंवा रसाचा स्वतःचा सामूच बदलला असेल तर तो बदल यंत्र पुसून टाकीत नाही आणि टाकूही नये. म्हणून कारखान्यातील कढत रस आम्ही थंड करूनच मोजीत असू आणि नोंदवहीत सामूशेजारी तापमान लिहीत असू.

आता रुजवातीकडे. जुन्या दप्तरांत दोन वह्यांतील रकमा एकमेकींशी ताडून पाहण्यास रुजवात म्हणत. इंग्रजीतून आलेल्या कॅलिब्रेशन या शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही. ज्याचा सामू निश्चित माहीत आहे अशा बफर द्रावणात यंत्र बुडवायचे आणि यंत्राचा आकडा त्या सत्याशी जुळवून घ्यावयाचा. बाजारात बफरचे दोन संच प्रचलित आहेत: एक ४.०१, ७.०० आणि १०.०१ यांचा, दुसरा ४.०१, ६.८६ आणि ९.१८ यांचा. स्वस्त पेनांबरोबर बहुधा दुसऱ्या संचाच्या पुड्या येतात. एकाचे यंत्र आणि दुसऱ्याचे द्रावण अशी सरमिसळ झाली, म्हणजे ६.८६ साठी बनविलेल्या पेनाला ७.०० चे द्रावण पाजले, की आरंभीच ०.१४ ची चूक पदरी पडते व पुढील प्रत्येक आकड्यात ती मुक्काम करते. ९.१८ चे द्रावण कशाचे असते हे ऐकून वाचकांस आनंद होईल: ते टाकणखाराचे असते. हळदीचे कुंकू करताना कारागिराच्या हाती असलेला तोच क्षार आज जगभरातील प्रयोगशाळांत प्रमाण म्हणून मान्य आहे.

पुडीतील पूड तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा २५० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवावी. बाटलीत इलेक्ट्रोड बुडवू नये. लहान पेल्यात थोडे ओतून घ्यावे आणि वापरलेले पुन्हा बाटलीत ओतू नये, कारण एकदा बाटली भ्रष्ट झाली की रुजवातीचा पायाच ढासळतो. अल्कधर्मी बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरतो, तेव्हा त्याचे झाकण घट्ट असावे आणि तो थोडाथोडाच करावा. प्रथम ७ किंवा ६.८६ मध्ये आकडा स्थिर होऊ द्यावा व जुळवावा. मग फुगा खळबळून, मऊ कागदाने नुसते टिपून, आपल्या कामाच्या बाजूच्या द्रावणात, म्हणजे विहिरीच्या पाण्यासाठी ९.१८ मध्ये, फळांच्या रसासाठी ४.०१ मध्ये, धरावा. फुगा कापडाने पुसू नये. घासल्याने त्यावर स्थिरविद्युत साठते, आकडा बराच वेळ डळमळत राहतो आणि पातळ काचेवर ओरखडेही उठतात.

फुगा तरुण आहे की थकला आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. ज्या यंत्रात मिलिव्होल्ट दिसतात त्याने समजा ७ च्या द्रावणात उणे ५ आणि ४.०१ च्या द्रावणात अधिक १६८ दाखविले. अंतर झाले १७३. निर्दोष फुग्याने २५ अंशास १७७ दाखविले असते. एकशे त्र्याहत्तर भागिले एकशे सत्त्याहत्तर, म्हणजे सुमारे ९८ टक्के, प्रकृती उत्तम. हेच प्रमाण ९० च्या खाली घसरले आणि स्वच्छतेनंतरही वर आले नाही, तर नव्या इलेक्ट्रोडची वेळ झाली असे समजावे. साध्या पेनात मिलिव्होल्ट दिसत नाहीत, तिथे ६.८६ जुळविल्यावर दुसरे द्रावण जुळविण्यापूर्वी यंत्र स्वतः होऊन काय सांगते ते पाहून ठेवावे. ४.०१ च्या द्रावणात त्याने ४.१ म्हटले तर चिंता नाही, ४.३ म्हटले तर फुगा मलिन किंवा वृद्ध झाला आहे. हा आकडा तारखेनिशी एका वहीत टिपला, तर यंत्राची रोजकीर्दच तयार होते, आणि बिघाड येण्याआधी त्याची चाहूल लागते.

निगा राखण्याची रीत त्या मानाने थोडक्यात सांगता येते. फुगा सदैव ओला असावा आणि तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओला असावा. टोपीत स्पंज असेल तर स्पंज भिजेल इतके, नसेल तर फुगा बुडेल इतके द्रावण पुरते. ते हाताशी नसेल तर ४ चा बफर चालेल, तोही नसेल तर एखाद्या रात्रीपुरते नळाचे पाणी चालेल. डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी चालणार नाही. टोपीभोवती पांढरे स्फटिक जमले तर घाबरू नये. तो पाझरलेला क्षार आहे, पाण्याने निघून जातो. चुन्याची साय धरली असेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, ०.१ नॉर्मल पुरे, काही मिनिटे ठेवून धुवावे; दुधाची किंवा रसाची चिकटी असेल तर पेप्सिनयुक्त आम्ल, आणि तेलकटपणा असेल तर भांडी धुण्याच्या सौम्य द्रावणाचे पाणी वापरावे. प्रत्येक स्वच्छतेनंतर फुग्याला काही तास क्षारद्रावणात विसावा द्यावा व मगच रुजवात करावी. फुग्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तापमापी झटकतात तसा पेन खाली झटकावा. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत तो ठेवू नये.

यंत्र निर्दोष असूनही नमुना चुकीचा घेतला तर सारे व्यर्थ जाते. बोअरवेलचे पाणी उपसल्यावर लगेच मोजावे. बादलीत तासभर राहिले की त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून जातो व सामू चढतो. कोळंबीच्या तळ्यात तर पहाटेचा आणि दुपारचा सामू एक नसतोच, कारण उन्हात शेवाळे कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. म्हणून तेथे आकड्यापेक्षा आकड्याची वेळ महत्त्वाची. मातीत मीटर कधीही खुपसू नये. वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून ढवळत अर्धा तास धीर, आणि मग मोजणी, ही आपल्याकडील रूढ रीत. दख्खनच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आकडा बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येईल, कोकणच्या जांभ्या मातीत सातच्या खाली. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होत आहे काय याची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. आणखी एक गोष्ट बागाईतदारांनी विसरू नये: पाण्यात किती आम्ल मिसळावे हे केवळ सामूवरून ठरत नाही, ते पाण्यातील बायकार्बोनेटच्या प्रमाणावर ठरते, आणि ते प्रमाण हा पेन सांगू शकत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्यावीच लागते. आम्ल मिसळताना ते पाण्यात सोडावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये.

तासगावचा तो बागाईतदार आता दर सोमवारी सकाळी यंत्राची रुजवात करतो. त्याची वही मी पाहिली आहे. तारीख, दोन द्रावणांचे आकडे, विहिरीचा आकडा, एवढेच त्यात असते. ज्या वाचकांच्या घरी असा मीटर आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की हा अंक खाली ठेवल्यावर उठून त्याची टोपी काढून पाहावी, आणि आत ओल नसेल तर आज रात्री तो क्षारद्रावणात ठेवावा.